कार्डाची मुदत आणि ऑक्टोबरातलं हॉटेल

"कार्डाची तारीख सप्टेंबरची आहे आणि हॉटेल ऑक्टोबरचं. आत्ता बुक केलं तर चालेल का रे?"

वर्षातून तीन-चारदा तरी हा प्रश्न येतो. पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच वर्षं काढली की नातेवाइकांच्या लेखी आपण बँकेचे अर्धे मॅनेजर होतो, त्याला इलाज नाही. उत्तर 'चालेल की' असंही आहे आणि 'अजिबात नको' असंही. कारण हॉटेल बुक करणं म्हणजे दोन अगदी वेगळे व्यवहार असू शकतात आणि साइटवर दोन्हींचं बटण बहुधा एकाच निळ्या रंगाचं असतं.

पहिला प्रकार सोपा. आत्ता पैसे भरा, ओटीपी टाका, पावती घ्या. पैसे गेले, विषय संपला. त्यानंतर कार्डाची मुदत संपो नाहीतर कार्ड हरवो, हॉटेलला त्याचं सोयरसुतक नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, की बुकिंग रद्द केलं तर रिफंड मेलेल्या कार्डावर कसा येणार? तर मंडळी, मरतं ते प्लास्टिक. खातं जिवंत असतं. रिफंड जुन्या नंबरावर आला तरी तो नंबर कुणाच्या खात्याचा होता हे बँकेला माहीत असतं आणि पैसे बहुतेक वेळा बरोबर खात्यात येऊन पडतात. मधल्या काळात खातंच बंद केलं असेल तर मात्र बँकेचे उंबरे झिजवायची तयारी ठेवा. शिवाय काही हॉटेलं चेक-इनच्या वेळी 'ज्या कार्डाने पैसे भरले ते दाखवा' म्हणतात. तेव्हा सहल होईपर्यंत जुनं कार्ड कात्रीने कापायची घाई नको.

दुसरा प्रकार म्हणजे 'आत्ता काहीही भरू नका, फक्त कार्डाचे तपशील द्या, कधीही फुकट रद्द करा'. यातलं 'फुकट' वाचून सगळे इथेच बोट ठेवतात. इथे कार्ड म्हणजे पैसे नव्हेत, कार्ड म्हणजे जामीन. हॉटेल नंबर आणि तारीख आपल्याजवळ ठेवतं. तुम्ही आलाच नाहीत, किंवा फुकट रद्द करायची तारीख उलटली, की त्या कार्डावरून पैसे ओढतं. हॉटेल परदेशातलं असेल तर तेव्हा तुम्हाला ओटीपी विचारला जाईलच असं नाही. आता हा जामीनदारच मुक्कामाच्या आधी गचकणार असेल तर? काही साइटी बुकिंगच घेत नाहीत, ते परवडलं. काही मुकाट्याने घेतात. मग पाच महिन्यांनी हॉटेलवाला कार्ड तपासून बघतो, ते नाकारलं जातं आणि मेल येतो की अमुक वेळेत दुसरं कार्ड द्या, नाहीतर खोली सोडून देऊ. तो मेल तुम्ही कुठे असताना येतो, यावर सगळं आलं.

त्या तारखेबद्दल थोडं. ०९/२५ छापलंय म्हणजे कार्ड ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत चालतं, १ सप्टेंबरला बंद पडत नाही. एवढं साधं असूनही लोक महिनाभर आधीच कार्ड टाकून देतात. छापताना महिना आधी, वर्ष नंतर. पण मागच्या काळ्या पट्टीत तेच उलटं लिहिलेलं असतं, वर्ष आधी आणि महिना नंतर, आणि वर्षाला अंक दोनच. या दोन अंकांनी एके काळी मजा आणली होती. मिशिगनमधल्या 'प्रोड्यूस पॅलेस' नावाच्या फळं-भाजीच्या दुकानात २००० साली मुदत संपणारं कार्ड घासलं की गल्ल्याची मशीनं बंद पडायची. १९९७ मध्ये दुकानदाराने मशीनवाल्यांवर खटला भरला आणि १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली. वायटूकेच्या त्या घबराटीवर आपल्याकडच्या किती जणांच्या नोकऱ्या नि फ्लॅट उभे राहिले ते आयटीतल्या जुन्या लोकांना विचारा. म्हणजे एका अर्थी कार्डाच्या मुदतीचं मी मीठ खाल्लंय :)

असो. जामिनाचं सांगत होतो. आमच्या मागच्या पिढ्यांना हॉटेल बुकिंग माहीत नव्हतं, पण आगाऊ मुक्काम ठरवणं चांगलंच माहीत होतं. पंढरपुरात उतरायची जागा पिढ्यानपिढ्या ठरलेली. काशीला किंवा त्र्यंबकेश्वरला जायचं तर तिथल्या उपाध्यांच्या वहीत घराण्याचं, गावाचं नाव असायचं. पंधरा दिवस आधी एक पोस्टकार्ड टाकलं की झालं. जामीन कुठला, तर गाव आणि आडनाव. त्याला मुदत नव्हती. इंटरलाकेनच्या हॉटेलवाल्याकडे अशी वही नाही, म्हणून त्याला सोळा आकडे लागतात, एवढाच फरक.

इंटरलाकेनचं नाव उगाच नाही काढलं. माझे काका केमला असतात. करमाळा तालुका, जिल्हा सोलापूर. पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने निघालात की जेऊर जातं, मग केम, मग कुर्डुवाडी. गाव कुंकवाचं. तिथल्या कारखान्यांतलं कुंकू पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत तर असतंच, पार महाराष्ट्राबाहेरही जातं. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. 'आल्प्स हा वली पर्वत आहे' हे वाक्य त्यांनी फळ्यावर तीस वर्षं लिहिलं. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, जर्मनीत. तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे जायचं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला परत यायचं (पेन्शनरांचं कॅलेंडर नोव्हेंबरपासून सुरू होतं) आणि मध्ये ऑक्टोबरात चार रात्री इंटरलाकेन, असा बेत ठरला.

शेंगेन व्हिसाचा अर्ज २०२० पासून प्रवासाच्या सहा महिने आधीही करता येतो. त्याला राहायच्या जागेचा पुरावा लागतो. व्हिसा मिळेल की नाही याची खात्री नसताना कोण आधी पैसे भरणार? म्हणून जो तो फुकट रद्द होणारं, कार्डाच्या जामिनावरचं बुकिंग करतो. काकांनीही मे महिन्यात तेच ठरवलं. आणि कार्डावर तारीख ०९/२५.

"ताईचं कार्ड टाकू या की, काका," मी म्हटलं.

"तिच्या घरी राहायला जातोय ते वेगळं. हॉटेलात तिच्या पैशानं कशाला झोपू? माझी पेन्शन आहे."

इथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला घालायचाही नव्हता. मुलीचं कार्ड तांत्रिकदृष्ट्या चाललं असतं. पण आयुष्यभर स्वतःचं तिकीट स्वतः काढलेल्या माणसाला, सत्तरी ओलांडल्यावर, रिसेप्शनसमोर मुलीच्या मागे उभं राहायला सांगायचं? कार्ड कुणाचं, हा प्रश्न फक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाच किरकोळ वाटतो.

आता गोष्ट कशी बिघडली असती बघा. मुदत संपायच्या आसपास बँक नवं कार्ड आपणहून पाठवते, खात्यावरच्या पत्त्यावर. पत्ता केमचा. घराला कुलूप. आणलेलं पाकीट मालकाच्या हातात पडलं नाही की उलट पावली बँकेकडे. इकडे जर्मनीत १ ऑक्टोबरला जुनं कार्ड गार. हॉटेलचा मेल आला तरी त्याला द्यायला नवा नंबर नाही. म्हातारा-म्हातारी संध्याकाळी बॅगा घेऊन दारात, आणि खोली दुसऱ्याला दिलेली. ऑक्टोबरात तिथे संध्याकाळी थंडी काय असते ते ताईने सांगितलं होतं.

ही फक्त म्हाताऱ्यांची अडचण आहे असं समजू नका. तुमचा आधारवरचा पत्ता कुठला आहे? गावाकडून पुण्यात आलेल्या, दर अकरा महिन्यांनी भाडेकरार बदलणाऱ्या माझ्या निम्म्या मित्रांचा पत्ता अजून गावचाच आहे. आधारवरून केवायसी, केवायसीवरून खातं, आणि खात्यावरून कार्ड थेट गावी. हिंजवडीत बसून तुम्ही गोव्याचं बुकिंग करताय आणि नवं कार्ड आई देवघरात ठेवून विसरलीय.

बरं, कार्ड हातात आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन बंद, परदेश बंद. ते तुम्ही ॲपमधून किंवा बँकेला सांगून चालू करायचं. नियम शहाणपणाचा आहे, माझी तक्रार नाही. पण जुनं कार्ड सगळीकडे चालत होतं म्हणजे नवंही चालेल, हे गृहीत धरलेलं नडतं. नंबर तोच राहिला तरी तारीख आणि मागचे तीन आकडे बदलतात, त्यामुळे हॉटेलकडचे जुने तपशील रद्दीच. भारतीय साइटींना तर १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा नंबर साठवताच येत नाही, त्याऐवजी टोकन असतं. कार्ड बदललं की ते नव्याला जोडण्यासाठी बँकेने तुमची स्पष्ट संमती घ्यायची असते. ती विचारणा एखाद्या मेसेजच्या गर्दीत हरवली तर 'सेव्ह केलेलं कार्ड' नावापुरतं उरतं.

आणि छापलेल्या तारखेवरही फार विसंबू नये. काळ्या पट्टीची जुनी कार्डं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची द्यायची, असा आदेश होता. तेव्हा पुढची दोन-तीन वर्षं शिल्लक असलेली कार्डंही निकालात निघाली होती.

काकांचं आम्ही असं केलं. मे महिन्यात बुकिंग जुन्याच कार्डावर केलं, कारण त्या साइटने घेतलं आणि व्हिसासाठी कागद हवा होता. फुकट रद्द करायची शेवटची तारीख आणि कार्डाची तारीख काकांनी हजेरीपटासारख्या आखलेल्या वहीत शेजारी-शेजारी लिहिली. व्हिसा हातात पडल्यावर जुलैत बँकेत अर्ज दिला, की मुदतीची वाट न बघता कार्ड आत्ताच बदलून द्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अजून दोन महिने आहेत की, आपोआप येईल." काका म्हणाले, "येईल, पण मी नसेन." ती जरा दचकलीच. मग त्यांनी प्रवासाचं सांगितलं.

कार्ड ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात केमला आलं, काकांच्या स्वतःच्या हातात. त्याच दिवशी गावातल्या एटीएमवर पिन. रात्री फोनवर मी इकडून सांगत गेलो आणि ते तिकडे एकेक बटण सरकवत गेले. ऑनलाइन चालू, परदेश चालू, मर्यादा बुकिंगच्या रकमेपेक्षा थोडी वर. हॉटेलं आल्या-आल्या थोडी रक्कम अडकवून ठेवतात, ती डेबिट कार्डावर असली तर शिलकीतून तेवढी गायब दिसते आणि सुटायला काही दिवस जातात, म्हणून ती थोडी जास्त. मग साइटवर जाऊन बुकिंगवरचं कार्ड बदललं. सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघायच्या आधीच सुरू केलं. परदेशात ओटीपी आला नाही तर कार्ड असून नसल्यासारखं, आणि ही गोष्ट तिथून करायची म्हटलं तर तिलाही ओटीपीच लागतो!

इंटरलाकेनला रिसेप्शनवरच्या मुलाने मशीन पुढे केलं तेव्हा काकांनी डावा हात आडवा धरून पिन दाबला, परीक्षेत पेपर झाकतात तसा. काकू म्हणाल्या, "अहो, इथं कोण बघतंय?" चार रात्रींचं बिल काकांच्या कार्डावरून गेलं. ताईने मात्र येण्या-जाण्याची रेल्वेची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. तो हिशेब दोघांमध्ये अजून मिटलेला नाही.