फिका निळा

मोतीबिंदू काढल्यापासून निळा रंग मला नव्याने दिसू लागला आहे. वयाने पिवळट पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं, हे ठाऊक होतं. पट्टी सुटल्यावर ते पटलं.

ठाण्यातल्या मसुंदा, उपवन, कचराळी तलावांचं पाणी हौसेने तपासणाऱ्या आमच्या गटाची सगळी भिस्त निळ्यावरच: नमुन्यात रसायन घातलं की फॉस्फेटच्या प्रमाणात पाणी निळं होतं. गडद निळा कुणीही ओळखेल. गोम फिक्यात आहे. एकूण फॉस्फरसची सरासरी लिटरमागे 35 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की ओईसीडीच्या 1982 च्या वर्गवारीत तलाव अतिपोषित ठरतो. एवढ्याशा फॉस्फरसचा निळा उंच नळीत, खाली पांढरा कागद ठेवून, वरून पाहिला तरच जाणवतो. शस्त्रक्रियेआधी, ताडून पाहायच्या प्रमाण नळ्याही मी त्याच पिवळट भिंगातून बघत होतो, त्यामुळे जुळणी फारशी चुकली नसावी. पण शेजारशेजारच्या दोन फिक्या छटा तेव्हा मला खरंच वेगळ्या दिसत होत्या का? जुन्या वह्या उघडल्या की हाच प्रश्न छळतो.

त्यात हिरवं पाणी हमखास फसवतं. शेवाळ माजलं की विरघळलेलं फॉस्फेट त्याच्या पोटात गेलेलं असतं आणि गाळलेल्या नमुन्यात निळा जेमतेम उमटतो. तेच पाणी न गाळता पर्सल्फेट घालून उकळा आणि मग रसायन घाला, नळी निळीशार होते. चाचणीची पट्टी बुडवून ‘फॉस्फेट नाही’ असा निर्वाळा देणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो. काठाला फरशी आणि मध्ये कारंजं बसवून तलाव सुधारला म्हणणाऱ्यांचाही. सांडपाणी थांबवलं तरी गाळात लोहाला धरून बसलेलं फॉस्फेट, तळचा प्राणवायू संपला की सुटतं आणि वर्षानुवर्षं वर येत राहतं.

आमच्या गटात कल्याणच्या काळा तलावाचे नमुने आणणारी मुलगी ते कॉलेजातल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लावते, 880 नॅनोमीटरला. हा निळा सर्वात जास्त प्रकाश शोषतो तो तिथे, माणसाच्या नजरेपलीकडे. म्हणजे ज्या रंगावर मी मिरवलो, त्याचा मुख्य ऐवज मला कधी दिसणारच नव्हता. नळी गटात शेवटी माझ्या हाती यायची, सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे, आणि ते थांबणं मला फार आवडायचं.

‘‘काका, तुमचा आकडा आधी लिहा, मग यंत्राचा बघू,’’ ती म्हणते. मी लिहितो. तलावाच्या भल्यासाठी आकडा कमी यावा असं वाटायला हवं. मला मात्र तो माझ्याशी जुळावा असंच वाटतं.