ठिणगी

फेब्रुवारीत दिल्लीचे धुके विरते आणि हवा कोरडी पडू लागते. या दिवसांत लोकरी स्वेटर डोक्यावरून काढताना जी तडतड होते, ती आम्हांस या शहरात आल्यावरच कळली. आमचे बालपण रत्नागिरीजवळ गेले. तेथे पावसाळ्यात काडेपेटीतील काडीसुद्धा पेटावयास कुरकुरे. मग माणसाच्या अंगातून ठिणग्या कोठल्या निघणार? येथे प्रथम अंधारात स्वेटर काढला आणि निळसर ठिणग्या दिसल्या, तेव्हा आम्ही चांगलेच दचकलो होतो, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

गेल्या वर्षी आई येथे राहावयास आली, तोपर्यंत हा विषय आमच्या घरी थट्टेचाच होता.

प्रसंग साधा. आमचे चिरंजीव मोजे घालून दिवाणखान्यातील नायलॉनच्या गालिचावर घसरत होते. आई गालिचाच्या कडेशी येऊन उभी राहिली, तिने त्याच्या गालाकडे हात नेला आणि ‘चट्’ असा आवाज झाला. पोर ओरडले, “आजीनं चटका दिला!” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आजीचा हात पुढे येताच तो मागे सरला. आम्ही हसलो. आई हसली नाही. सायंकाळी आपल्या तळव्यांकडे पाहत ती म्हणाली, “माझ्या हातांतच काही दोष शिरलाय रे. पोराला लावायला नकोत.” तेव्हापासून नातवाशी बोलताना ती हात पदराखाली ठेवू लागली.

त्या रात्री आमचे हसणे आम्हांस फार बोचले.

दोन वस्तू एकमेकींस टेकून अलग झाल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. आपण घर्षणाचे नाव घेतो. परंतु घर्षणाचे काम एवढेच, की वस्तू अधिक जागी टेकतात. कोण देतो आणि कोण घेतो याची कोष्टके आहेत, पण असे का, याचे पुरते उत्तर पदार्थवैज्ञानिकांस अद्याप सापडलेले नाही. ग्रीकांना ही गंमत अंबरात दिसली. अंबराचे त्यांचे नाव ‘इलेक्ट्रॉन’. आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात, म्हणजे घासल्यावर गवताची काडी ओढून घेणारा मणी. हे नाव आम्हांस अधिक आवडते.

ही देवघेव कोकणातही पावलोपावली चालते. तेथे दमट हवेमुळे वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून विद्युत्भार नकळत निघून जातो. कोरड्या हवेत तो साचत राहतो. त्यात आमच्या खोलीत हीटर! हीटर हवेतील बाष्प काढून घेत नाही; परंतु तापलेल्या हवेची बाष्प सामावण्याची शक्ती वाढते आणि तेवढ्याच बाष्पात ती कोरडी ठरते. अशा खोलीत अंगावर 10,000 व्होल्टही सहज चढतात. सुमारे 3,000 पर्यंत तर आपणांस पत्ताही लागत नाही. साचलेला भार मात्र इतका अल्प, की क्षणाच्या सूक्ष्म अंशात सारे आटोपते आणि इजा होत नाही. पेट्रोलची वाफ असेल तेथे गोष्ट निराळी. म्हणूनच टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीस जोडतात.

पण भार होता कोणाचा? आम्ही आधी आईच्या शालीस दोष दिला. मग ध्यानात आले, की आई घरात वहाण घालीत नाही. उघड्या पायांनी ती मोझॅकच्या फरशीवर वावरते. तिच्या अंगी काही साचलेच तर ते जमिनीत उतरणार. साचत होते ते मोजे घालून नायलॉनवर घसरणाऱ्या आमच्या कुलदीपकाच्या अंगी, आणि जमिनीकडे जाण्याची त्याला भेटलेली पहिली वाट म्हणजे आजीचा हात. ठिणगी दोघांनाही सारखीच बोचते. स्वतःस चटका बसल्याचे आई एकदाही बोलली नव्हती.

सकाळी आम्ही तिला हे सांगितले. व्होल्टचा हिशेब तिने कानाआड केला. तिने एवढेच विचारले, “म्हणजे साचतं ते त्याच्या अंगात?”

“हो. तुझ्या हातांतून ते फक्त जमिनीत जातं.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग नातवाला हाक मारून म्हणाली, “मोजे काढ आधी. ही किल्ली घट्ट धर, खिडकीच्या गजाला टेकव, मग ये माझ्याकडे.”

गजापाशी किल्लीच्या टोकावर बारीकशी ‘चट्’ झाली. बोटांना काहीच लागले नाही, म्हणून पोर खुशीत अनवाणीच आजीकडे धावले. आईने पदराखालून हात काढला. तो गालापासून बोटभर अंतरावर क्षणभर थबकला, मग टेकला.