वऱ्हाडचा कापूस, मुंबईचे सोने

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरकडे पाहताना खामगाव कुणाला आठवत नाही. तो मनोरा बांधण्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये २ लाख रुपये देऊ केले आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले. हे रुपये ज्या तेजीतून आले, तिचे मूळ मात्र काळ्या मातीत होते.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. अमेरिकी कापसापुढे आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला म्हणून हिणवला गेलेला हिंदी कापूस एकाएकी मोलाचा ठरला. मुंबईत त्याचे भाव तिपटी-चौपटीने चढले. समकालीन हिशेबानुसार या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक मिळाले.

प्रश्न असा की, हा पैसा मुरला कुठे?

कापूस पिकत होता गुजरातेत, खानदेशात, धारवाडकडे आणि वऱ्हाडात. वऱ्हाड तर १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली येऊन दहा वर्षेही झाली नव्हती. थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला १८६५ च्या आरंभी, म्हणजे तेजी सरत आली तेव्हा. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाटाकडे जात होता. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा इंग्रज लेखकांनी आवडीने सांगितल्या आहेत. चार-दोन मोठ्या पाटलांच्या बाबतीत ते खरे असेलही. परंतु शेतकरी आणि लिव्हरपूल यांच्यामध्ये सावकार, दलाल, अडत्या आणि निर्यातदार पेढी अशी साखळी होती, आणि प्रत्येक कडीवर पैसा थोडा थोडा थांबत होता. सर्वांत अधिक थांबला तो मुंबईत.

मुंबईने त्याचे काय केले? आधी जुगार! बॅक बे भराव कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांवर गेला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली, १ जुलैचा वायद्यांचा दिवस उजाडला आणि पेढ्या कोसळल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. तरीही शहराजवळ बंदर, दलालीचे कसब आणि उरलेले भांडवल राहिले, आणि पुढच्या दोन दशकांत ते भांडवल कापडगिरण्यांत उतरले. मुंबई पडली, पण उठण्यासाठी तिच्या हाताशी काही होते.

वऱ्हाडच्या हाताशी फक्त कापूस उरला. भाव उतरले तरी लागवड आटली नाही. उलट १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा खुला केला. लिव्हरपूलचा भाव आता तारेने खामगावच्या बाजारात येऊ लागला. व्यापार वाढला यात शंका नाही. अमरावती, अकोला, खामगाव या गावांत सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये शेजारच्या नागपुरात सुरू झाली, हा मोठाच अपवाद. बाकी बहुतेक कापूस गाठी बांधून बाहेर गेला. त्याचे सूत, कापड आणि त्यातला नफा दुसरीकडे तयार झाला. निर्यातीने प्रदेश श्रीमंत होतो असे म्हणणाऱ्यांनी प्रदेश म्हणजे नेमका कोण, हे एकदा विचारावे.

१८९९ मध्ये पाऊस गेला तेव्हा कपाशी आणि ज्वारी दोन्ही गेल्या. वेचणीला कापूस नाही, म्हणून मजुरी नाही. ज्या लोहमार्गाने गाठी खाली जात, त्याच मार्गाने बाहेरचे धान्य वर आले; परंतु ते विकत घेण्याइतके पैसे मजुरांच्या गाठीला नव्हते. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाख भरली.