मड ब्रिकची खरी रेसिपी, तळेगाव स्टाईल!

साहित्य : एक ब्लॉक डर्ट, एक बाटली पाणी, थोडा गहू.
कृती : डर्टवर पाणी ओता, 'मड' तयार. मड आणि गहू एकत्र करा, 'पॅक्ड मड' तयार. असे चार पॅक्ड मड चौकोनात मांडा आणि घ्या... चार मड ब्रिक्स!
वेळ : बॉस मीटिंगमध्ये पाणी प्यायला थांबतो, तेवढा.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना हे तोंडपाठ असेल. न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात फंडा सांगते. २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आलेला हा गेम म्हणजे एक अवाढव्य खेळघर. मीटरभर लांब, रुंद आणि उंच ठोकळे खणायचे, रचायचे आणि आपली दुनिया बांधायची. कुणाचं टार्गेट नाही, डेडलाइन नाही. म्हणूनच शाळकरी पोरांइतकेच आपल्यासारखे क्युबिकलवालेही त्याच्या प्रेमात आहेत. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. मातीची वीट मात्र गेममध्ये उशिरा आली, २०२२ च्या 'वाइल्ड अपडेट'मध्ये.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ही रेसिपी कुणा प्रोग्रामरच्या डोक्यातून निघालेली नाही. माती, पाणी आणि गव्हाचा भुसा हे कॉम्बिनेशन माणूस हजारो वर्षं वापरतोय. विदर्भात तर कालपरवापर्यंत वापरत होता. मग ठरवलं, या वीकेण्डला मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. अकरा वर्षांच्या भाच्याला (हा गेममधला निष्णात बिल्डर!) सोबत घेतलं आणि थेट तळेगाव गाठलं.

कुठलं तळेगाव?

प्रश्न रास्त आहे. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे आहे, तळेगाव ढमढेरे आहे. अमरावती जिल्ह्यात शंकरपटासाठी प्रसिद्ध असलेलं तळेगाव दशासर आहे. आपलं हे तळेगाव (श्यामजी पंत). वर्धा जिल्हा, आष्टी तालुका. नागपूरहून अमरावतीकडे जाताना हायवेवरच लागतं. पूर्वी हा रस्ता सहा नंबरचा होता, आता ५३ नंबरचा झालाय. बहुतेक गाड्या इथे चहापुरत्या थांबतात किंवा आर्वीकडे वळतात. गावात शिरतं कोण?

आम्ही शिरलो. त्याआधी भाच्याने रस्त्याकडेचं वावर बघितलं आणि डोळेच विस्फारले. "मावशी, केवढी माती! इथे तर अनलिमिटेड ब्रिक्स होतील."

गल्लीतल्या एका ओट्यावर बसलेल्या आजींनी ते ऐकलं आणि हसल्या. "बाबू, कायी माती वावरातच बरी. भितीले लावली का फाटते."

काळी आणि पांढरी

आजींच्या एका वाक्यात इंजिनीअरिंगचा अख्खा चॅप्टर आहे. विदर्भाची काळी कपाशीची जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. पिकाला ही माती वरदान, पण भिंतीला मात्र शाप. हिच्या विटा सुकतानाच तडकतात. नुसत्या काळ्या मातीवर पाया घातला तर पक्कं घरसुद्धा हलतं. म्हणून पाया खोल नेतात, मुरूम भरतात.

मग घरं कशाची बांधायची? तर पांढरीची. जुन्या मराठीत शेतजमिनीला 'काळी' म्हणत आणि गाव वसलेल्या जागेला 'पांढरी'. पिढ्यान् पिढ्या घरं पडली, त्यांची माती आणि चुलीतली राख तिथेच जिरली. त्यातून गावाखाली ही फिकट माती साठत गेली. नवं घर बांधायचं तर लोक हीच माती खणून आणत. थोडक्यात, पणजोबांच्या भिंतीतून पणतूची भिंत! रिसायकलिंग हा शब्द आपण ऑफिसच्या पोस्टरवर वाचला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

रिअल लाइफ क्राफ्टिंग टेबल

आता खरी कृती. माती चाळा, खडे काढा. पाणी घालून आळं करा आणि त्यात कुटार मिसळा. कुटार म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा. गेममध्ये गहू लागतो, तो या कुटाराच्या जागी. त्याचे धागे मातीला धरून ठेवतात, म्हणून वीट सुकताना तडकत नाही. मग पायाने तुडवा, मुरू द्या, परत तुडवा. लाकडी साच्यात भरा, उन्हात वाळवा, पलटी करा, पुन्हा वाळवा. एका क्लिकचं काम इथे कित्येक दिवस चालतं.

आणि वीट झाली म्हणजे संपलं नाही. गेममधली मड ब्रिक पावसात भिजत नाही, हवेतही लटकून राहते. खऱ्या भिंतीला खाली दगडी जोतं लागतं आणि वर पुढे आलेलं कवेलूचं छप्पर. दर पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं, भिंती लिंपायच्या, पोतारायच्या, जमीन सारवायची. यातलं लिंपणं-सारवणं बहुतेक बायकांच्याच वाट्याला यायचं. तेव्हा 'हाऊ रोमँटिक!' म्हणण्याआधी जरा थांबा.

बापूंचं लो बजेट घर

हीच माती नीट सांभाळली तर किती टिकते, ते बघायला आर्वीमार्गे वर्ध्याला आणि तिथून सेवाग्रामला जायचं. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. घरासाठी त्यांची अट साधी होती. खर्च पाचशे रुपयांच्या आत हवा आणि सामान व कारागीर आसपासचेच हवेत. त्यातून उभं राहिलं 'आदि निवास'. मीराबेनसाठी बांधलेली झोपडी पुढे 'बापू कुटी' झाली. तिच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आजही दिसतात. माती, बांबू आणि कवेलूचं हे बांधकाम नव्वदीला आलंय. कारण एकच, त्याची डागडुजी कधी थांबली नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पाऊल टाकताच भाचा म्हणाला, "एसी कुठे आहे?" एसी नाही रे राजा, जाड माती आहे. ती उशिरा तापते, त्यामुळे दुपारचा चटका लगेच आत येत नाही.

पक्कं म्हणजे काय?

आपल्या जनगणनेच्या हिशेबात मातीची भिंत 'कच्ची'. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, तेही 'पक्क्या' घरासाठी. लोकांना पक्कं घर हवं असतं आणि त्यात काहीच चूक नाही. दरवर्षीचं लिंपणं सुटतं, वाळवी आणि सापाची भीती कमी होते, पावसात झोप लागते. हा हक्क आहे, फॅशन नाही. शहरात फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या आपण त्यांना 'मातीतच राहा' म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

पण वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या वर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत आग ओकतो. तेव्हा जाड भिंतीची अक्कल नव्या घरातही हवीच आहे. वर्ध्यातच १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी सुरू केलेलं 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' नेमकं हेच काम करत आलंय. स्थानिक माती आणि कुंभाराचं कसब वापरायचं, पण घर जास्त टिकाऊ बांधायचं. कुठली माती भिंतीची आणि कुठली वावराची, हे अजून ओट्यावरच्या आजींना ठाऊक आहे. ते ऐकून घ्यायला आपल्याकडे थोडीच वर्षं उरलीत. गेमची रेसिपी सर्व्हरवर सेव्ह असते, ही नाही.

कसं जाल?
नागपूर-अमरावती हायवेवरून तळेगाव, तिथून आर्वीमार्गे वर्धा आणि सेवाग्राम. पहाटे निघालात तर एका दिवसात आरामात होतं. शक्यतो हिवाळ्यात जा. भिंतींचा गारवा अंगावर घ्यायचा असेल तर मात्र मे महिन्यातच, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन!