खंडीचा गुणाकार

मे महिन्यात सकाळी सहाला गावात पोचलो, तर गाव रिकामं. कुत्री, कोंबड्या आणि ओट्यावर बसलेला एक म्हातारा. "सगळे पानाले गेले जी," तो म्हणाला. पान म्हणजे तेंदूपान. ऐन हंगामात माणसं पहाटेच जंगलात जातात हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मुळात माझ्या पिशवीतला चौदा पानी फॉर्म ज्यांनी तयार केला होता, त्यांच्या वेळापत्रकात तेंदूला जागाच नव्हती. प्रकल्प एप्रिलमध्ये सुरू झाला, म्हणून बेसलाइन पाहणी मेमध्ये.

२००९ सालची गोष्ट. धानाचं उत्पन्न वाढवण्याच्या एका प्रकल्पात मी नुकताच कार्यकर्ता म्हणून लागलो होतो. गडचिरोलीतला धानोरा आणि चंद्रपुरातला नागभीड, असे दोन तालुके माझ्याकडे आणि बुडाखाली मोटरसायकल. बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, दुरुस्त करायच्या, सुधारित बियाणं द्यायचं, श्री पद्धतीने रोवणी करायला शिकवायचं आणि दर महिन्याला हे सगळं किती झालं ते कळवायचं. शेवटचं काम सोपं वाटलं होतं.

अकराच्या सुमारास बाया डोक्यावर पानांचे भारे घेऊन परतल्या. जेवण उरकलं की पुडे बांधायला बसायचं. सत्तर पानांचा एक पुडा. एका घरी मी तशाच बसलेल्या बाईसमोर फॉर्म उघडला. मागच्या हंगामात एकरी किती क्विंटल धान झालं? तिचे हात थांबले. पान कितवं होतं ते ती विसरली, पुडा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. सत्तर झाल्यावर वाक गुंडाळून म्हणाली, "लिहा ना जी, दहा-बारा खंडी."

मी बारा लिहिलं. मग क्विंटल हवे होते म्हणून ऑफिसने दिलेल्या तक्त्यातला आकडा घेऊन गुणाकार केला. तिची मोजणी चुकली तेव्हा तिने पुडा सोडला होता. माझी चुकली हे मला तीन वर्षांनी कळलं, आणि तोवर काहीच सोडवता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

खंडी म्हणजे वीस कुडो. इतपत मला ठाऊक होतं. पण कुडो हे माप, वजन नव्हे. बारीक धानाचा कुडो वेगळा भरतो, जाड्याचा वेगळा. शिवाय धान कापण्या-चुरण्याची मजुरी धानातच द्यायची पद्धत होती, आणि "किती झालं?" असं विचारलं की लोक मजुरी वजा जाता जे ढोलीत, म्हणजे घरच्या कणगीत, पडलं तेवढंच सांगत. त्यांचं काही चुकत नव्हतं. झालं म्हणजे घरी आलं. फॉर्मला मात्र शेतात उभं होतं तेवढं सगळं हवं होतं. एकरांचाही असाच घोळ. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. "माझ्या चार बांध्या" म्हणणाऱ्याला एकर विचारला की तो सातबाऱ्यावरचा आकडा सांगे. त्या सातबाऱ्यावर तिघे भाऊ असत आणि कसणारा एकटा.

त्याच दिवशी संध्याकाळी फळीवर गेलो. फळी म्हणजे पुडे मोजून घ्यायची जागा. रांगा लावून पुडे मांडलेले, मुन्शी काठीने दाखवत मोजतोय आणि वहीत लिहितोय. प्रत्येक घरचं एक पोरगं स्वतःची वही घेऊन शेजारी उभं. कुठल्याशा रांगेत दोन पुडे कमी लिहिले गेले म्हणून इतकं भांडण पेटलं की कंदील आणून पुन्हा मोजावं लागलं. दुपारी "दहा-बारा खंडी" सांगून मोकळी झालेली बाई त्या भांडणात सगळ्यांत पुढे होती. त्या रात्री मी डायरीत "तेंदूची नोंद अचूक" एवढंच लिहून ठेवलं. का अचूक, ते लिहिलं नाही. मुन्शीची वही आणि पोराची वही समोरासमोर येत होत्या. माझा फॉर्म थेट मोटरसायकलच्या डिकीत जात होता.

श्री पद्धतीचं प्रकरण तर मला एका भिंतीने शिकवलं. या पद्धतीत आठ ते बारा दिवसांचे कोवळे पऱ्हे, म्हणजे रोपं, घ्यायचे आणि दोरी धरून, एका ठिकाणी एकच काडी, २५ बाय २५ सेंटिमीटरवर लावायची. बियाणं थोडं लागतं, फुटवे भरपूर येतात. कागदावर आणि काही बांध्यांत खरंच छान. पहिल्या वर्षी माझ्या गावांतून नावं भराभर आली. दुसऱ्या वर्षी निम्मी गळाली. मासिक अहवालात याला एकच रकाना होता: "स्वीकार घटण्याचे कारण". मी "जनजागृतीचा अभाव" लिहीत असे. सगळेच तसं लिहीत.

धानोऱ्याकडच्या एका घरी, जिला मी काकी म्हणायचो तिच्या सपरीतल्या भिंतीवर, कोळशाच्या रेघा दिसल्या. दोन गठ्ठे, शेजारी शेजारी. विचारलं तर म्हणाली, डावीकडच्या जुन्या रोवणीच्या बाया, उजवीकडच्या "तुमच्या दोरीवाल्या रोवणीच्या". उजवा गठ्ठा ठळकपणे मोठा होता. दोरी धरायला दोघी जास्त, पऱ्हे तान्ह्या पोरासारखे जपून न्यायचे, आणि मग निंदण वेगळंच. निंदणाचं यंत्र फिरवायचं तर बांधीत पाणी बेताचं हवं. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस बेत पाळत नाही. वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं, खालच्याने ते कुठं सोडायचं? बोटभर पऱ्हे दोन दिवस पाण्याखाली गेले की संपले. ठेक्याने रोवणाऱ्या बायाही दोरी म्हटली की दुप्पट पैसे मागत. हे सगळं त्या रेघांत होतं. माझ्या फॉर्ममध्ये घरच्या बाईच्या श्रमाला रकानाच नव्हता, मग जास्त झालेले श्रम दिसणार कुठून? मी त्या महिन्यात "जनजागृतीचा अभाव" खोडून रेघांचे आकडे लिहून पाठवले. वरून फोन आला की कारण यादीतलंच निवडावं.

तिसऱ्या वर्षी पीक कापणीचे प्रयोग आले. पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, आतलं धान कापून, झोडून, वजन करायचं आणि ४०० ने गुणायचं, की हेक्टरी उत्पन्न. ताणकाट्यावर शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर हेक्टरी चाळीस किलोंचा फरक पडतो. सकाळी दवात कापलेलं धान आणि चार दिवस वाळवलेलं धान यांत तर शंभर ग्रॅमहून कितीतरी जास्त अंतर. सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही, कारण तिथे पैसे मोजायचे असतात. आम्ही त्याच संध्याकाळी, ओलं असतानाच वजन करत असू. दुसऱ्या गावाला जायचं असे.

चौकोन कुठं टाकायचा हे आकड्यांच्या तक्त्यावरून ठरायचं, म्हणजे निवड कोणाच्या मनाची नको. पण शेतकरी हाताला धरून तलावाखालच्या बांधीकडेच न्यायचे. पाहुण्याला कोणी करपलेलं दाखवतं का? गंमत अशी की हेच लोक पैसेवारीच्या वेळी तलाठ्याला टेकडीकडची करपलेली बांधी दाखवत. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर गावाला महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांना परीक्षा फी माफ. एकाच शेतातलं एकच पीक, आम्ही आलो की उंच आणि तलाठी आला की खुजं. मला यात लबाडी दिसली नाही, आजही दिसत नाही. ज्या मोजणीचं उत्तर मोजणारा घेऊन जातो, तिला ज्याच्या त्याच्या सोयीचंच उत्तर मिळायचं.

मूल्यमापनाचं पथक फेब्रुवारीत आलं. फेब्रुवारीत आमच्याकडे वाट कोरडी, हवा गोड, मोह फुलायला लागलेला आणि बांध्यांत लाखोरी-जवस. चिखल नाही, हिवताप नाही, उपासमारीचा श्रावण नाही. दोन बोलेरो तीन गावं फिरल्या. तिन्ही डांबरी रस्त्याला लागून. रॉबर्ट चेंबर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९८३ च्या पुस्तकात बाहेरून येणाऱ्यांच्या या सवयींना नावंच देऊन ठेवली आहेत: रस्त्याकडेची गावं, कोरडा ऋतू, भेटायला येतात तेवढीच माणसं. मी ते बरंच नंतर वाचलं आणि बोलेरोच्या पुढच्या सीटवर बसून वाट दाखवणारा मीच होतो हे आठवून ओशाळलो. रस्त्यापासून लांबची, खोब्रामेंढ्याच्या बाजूची गावं मी सुचवली नव्हती. तिथे जायला दिवस गेला असता आणि दाखवायलाही फारसं नव्हतं.

नागभीडकडे गेलो की मनाला जरा बरं वाटे, कारण त्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा शेतकरी. १९८३ साली पटेल ३ या वाणाच्या बांधीत त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढल्या साली वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, असं काही वर्षं केलं. पिशवी वेगळी, जागा वेगळी, कापणी वेगळी. यालाच नोंद म्हणतात, फक्त त्यात कागद नाही. त्यातून आलेलं धान घराघरात गेलं आणि त्याला नाव मिळालं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं, एचएमटी. दादाजी ३ जून २०१८ ला गेले. तांदूळ आजही घड्याळाच्याच नावाने विकला जातो.

नोंदींची अशीच एक गोष्ट धानोरा तालुक्यातली. तिथे मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. पुढे आसपासच्या अनेक गावांनी दावे केले. तेव्हा जुनी निस्तार पत्रकं, म्हणजे जंगल वापरण्याच्या गावाच्या हक्कांच्या नोंदी, शोधायला पेट्या उघडल्या गेल्या. माझ्या ओळखीच्या एका गावात निस्तार पत्रकाची नक्कल तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली निघाली. आमच्या प्रकल्पाचं माहितीपत्रक त्याच घरात चुलीजवळ होतं, अर्धं.

अलीकडे ई-पीक पाहणी आली, १५ ऑगस्ट २०२१ पासून. शेतकऱ्यानेच मोबाइलवर आपलं पीक नोंदवायचं. कल्पना मला पटते. पण मी नेटवर्कसाठी टेकडीवर चढलेली माणसं पाहिली आहेत. त्यातल्या एकाने नोंद चढली की नाही हे मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

खंडीचं कोडं सुटलं ते प्रकल्पाच्या शेवटच्या डिसेंबरात. काकीकडे भारी धान चुरून झालं होतं. ती कुडो भरत होती. मजुरांना देताना वर शीग ठेवून आणि ढोलीत टाकताना तळहाताने सपाट करून. मी ते पाहत राहिलो. मग ताणकाटा काढला. सपाट कुडो तोलला, शिगेचा तोलला, दोनदोनदा. वीसने गुणलं. माझ्या तक्त्यातली खंडी सपाट मापापेक्षाही हलकी होती. म्हणजे बेसलाइनमध्ये मी गावचं सगळं धान कमी लिहून ठेवलं होतं, त्यातून मजुरीचं वगळलं गेलं ते आणखी वेगळं. आणि कापणी प्रयोगात शेवटच्या दाण्यापर्यंत मोजलं होतं. अहवालात जी घसघशीत वाढ दिसत होती, तिच्यातली काही खरी होती. उरलेली माझ्या गुणाकाराची. कोणती किती, हे वेगळं काढायची सोय मी ठेवली नव्हती.

मी काकीला सांगितलं. वाटलं, हसेल. तिने विचारलं, "मंग मागचं लिवलेलं आता खोडनार का जी?"

ते कॉम्प्युटरवर चढलंय, आता उघडत नाही, मी म्हणालो. हे खरंच होतं. ऑफिसला विचारून झालं होतं.

"आमची रेघ तरी पुसता येते," ती म्हणाली आणि माझ्या काट्याला लावलेला कुडो सोडवून घेतला. तोलताना सांडलेले दाणे वेचून त्यात टाकले, हात फिरवून सपाट केला आणि ढोलीत रिता करून मोठ्याने म्हणाली, "सात." तोलायच्या नादात ती मोजणी विसरली नव्हती.