नळी कुठे लावली?

माझी गाडी स्मॉग चेकमध्ये नापास झाली तेव्हा बाबा शेजारीच उभे होते. टेस्ट झाली हेच त्यांना पटेना. "अगं, पण त्याने सायलेन्सरला नळी कुठे लावली?" त्यांनी मला हळूच विचारलं.

नळी नव्हतीच. त्या माणसाने बॉनेट उघडून आत टॉर्च मारला, गाडीखाली वाकून पाहिलं, मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक वायर जोडली आणि कॉम्प्युटरकडे बघत बसला. थोड्या वेळाने त्याने एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर तीन ठिकाणी 'नापास' होतं.

आम्ही कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला राहतो. इथे पेट्रोलची गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की साधारण दर दोन वर्षांनी स्मॉग चेक करावा लागतो. 2000 आणि त्यानंतरच्या गाड्यांना आता नळी लावत नाहीत. धूर किती स्वच्छ आहे याचा हिशेब गाडीचा कॉम्प्युटरच ठेवतो, आणि ती वायर तो हिशेब वाचते.

माझ्या गाडीचा हिशेब खोटा होता. तो मीच खोटा केला होता.

गाडी माझी, म्हणजे जुनी होंडा, माझ्या पगारातून घेतलेली. मला गाड्यांचं वेड आहे. बाबांना वाटतं, ते माझ्या आजोबांकडून आलं. कोल्हापुरात त्यांचं छोटं गॅरेज होतं. गेल्या वर्षी मी आधी हवा आत घेणारा पाइप बदलला. मग एका शनिवारी गाडी वर उचलली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला आणि त्या जागी सरळ पाइप बसवला. कन्व्हर्टर हा एक डबा असतो. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा महाग धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातले विषारी वायू त्या जाळीतून जाताना बदलतात आणि बरेच निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. तो डबा काढला की आवाज भारी येतो आणि थोडी ताकद वाढते. थोडीच, पण तेव्हा मला ती खूप वाटली होती.

आता अडचण अशी की कन्व्हर्टरच्या मागे एक सेन्सर असतो. 'हा डबा काम करत नाही' असं तो लगेच सांगतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये नवीन प्रोग्रॅम टाकला. त्या सेन्सरचं ऐकू नकोस, असं तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरला सांगतो. दिवा विझला, मी खूश! पण 2021 च्या जुलैपासून स्मॉग चेकमध्ये प्रोग्रॅमही तपासतात, हे मला माहीत नव्हतं. कंपनीने दिलेला किंवा राज्याने मंजूर केलेला प्रोग्रॅम नसेल तर गाडी नापास.

"म्हणजे त्या शनिवारी मी टॉर्च धरला होता, तो यासाठी?" बाबा म्हणाले. मी त्यांना सायलेन्सर बदलतेय एवढंच सांगितलं होतं.

हे पार्ट मला उघडपणे विकत मिळाले होते. खोक्यावर लिहिलं होतं: फक्त रेसिंगसाठी, रस्त्यावर वापरू नये. विकणाऱ्याला ठाऊक असतं की मी रेसला जाणार नाही, मलाही ठाऊक असतं. पण त्या एका ओळीवर सगळ्यांचं भागतं. अमेरिकेच्या 'क्लीन एअर ॲक्ट'प्रमाणे गाडीचं प्रदूषण रोखणारं यंत्र काढणं बेकायदा आहे, आणि ते निकामी करणारा पार्ट विकणंही. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, 2020 पासून काही वर्षं असे पार्ट बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या मागे खास मोहीम लावली. ईपीएच्याच अंदाजाप्रमाणे आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकची ही यंत्रं काढली गेली होती. त्यांचा जादा धूर म्हणजे रस्त्यावर आणखी 90 लाख चांगले ट्रक आणल्यासारखं. माझी एक छोटी होंडा त्यात कुठे, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

एका बाबतीत मात्र मला अजूनही नियम जाचक वाटतो. माझा हवेचा पाइप कदाचित काहीच बिघडवत नसेल. पण कॅलिफोर्नियात अशा पार्टवर राज्याचा मंजुरी क्रमांक लागतो. तो मिळवायला कंपनीला चाचण्या कराव्या लागतात आणि छोट्या कंपन्यांना त्या परवडत नाहीत. क्रमांक नाही म्हणून पार्ट वाईटच, असं थोडंच आहे?

नापास झाल्यावर ओळखीच्या एका मुलाने उपाय सांगितला. तीनशे डॉलर द्यायचे. वायर दुसऱ्याच चांगल्या गाडीला लावतात आणि कागदावर तुझ्या गाडीचा नंबर घालतात.

मला वाटलं, बाबा ओरडतील. ते म्हणाले, "तीनशेत होत असेल तर करून टाक." मी बघतच राहिले. मग ते जरा ओशाळले. कोल्हापुरात त्यांनी स्कूटरचं पीयूसी, म्हणजे धुराचं सर्टिफिकेट, एकदा असंच आणलं होतं. स्कूटर स्टँडवर, इंजिन बंद, नळी खिळ्याला टांगलेली. पैसे दिले, कागद घेतला, घरी आले.

मी ते केलं नाही. खरं सांगायचं तर आधी मी घाबरले. अशा सेंटरची चोरी कॉम्प्युटरच्या नोंदींतूनच पकडली जाते, हे मी वाचलं होतं. पण दुसरंही एक होतं. सरळ पाइप बसवल्यापासून आई रोज सकाळी मी गाडी सुरू केली की स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. "तुझ्या गाडीचा डोक्यात जातो गं वास," म्हणायची. मी हसायचे.

आमच्या गावाच्या उत्तरेला मोठे डोंगर आहेत. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की ते इतके स्पष्ट दिसतात की वरचा बर्फ मोजावा. ऑगस्टमध्ये कित्येकदा दिसतच नाहीत. समुद्रावरचा वारा लॉस एंजेलिसचा धूर आमच्याकडे ढकलतो आणि डोंगर तो अडवून धरतात. शाळेत असताना हवा वाईट असली की बाई म्हणायच्या, आज मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे इथल्याच कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिलं. पुढे राज्याने हवेसाठी वेगळं बोर्ड नेमलं, त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. हे सगळं मी शाळेतच शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

जुना कन्व्हर्टर मी भंगारात विकून बसले होते. कॅलिफोर्नियात चालणारा, क्रमांक असलेला नवा घ्यायला हजारच्या वर डॉलर गेले. हवेचा जुना पाइप गॅरेजमध्ये सापडला. होंडाचा मूळ प्रोग्रॅम परत टाकला. या वेळीही टॉर्च बाबांनीच धरला, पण प्रत्येक बोल्टला विचारत होते, "हे कशासाठी? आणि हे?"

गाडी पास झाली. आवाज अगदी शिवणयंत्रासारखा येतो, मला अजून आवडत नाही. आई खिडकी उघडी ठेवते.

सरळ पाइप गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे. परवा त्याच मुलाचा मेसेज आला: दीडशे डॉलर देतो, मला विक, फक्त रेसिंगसाठी हवाय.

मी विचारलं, "कुठली रेस?"

अजून उत्तर आलेलं नाही.