वाळूतलं अंगण

अल रय्यानमधल्या आमच्या भाड्याच्या घरापुढे चार पावलांचं अंगण आहे. शेजारी म्हणाले, "लॉन लावा!" पण इथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम ८० मिलिमीटर. नळाला येतो तो नैसर्गिक वायू जाळून गोडा केलेला समुद्र. तो रोज गवताला पाजायचा? मन होईना.

मग नोव्हेंबरात, ऊन उतरल्यावर, कुदळ घेतली. वाळूखाली चुनखडीचे दगड! ते काढून गुडघाभर खड्डे केले, वाळूत कंपोस्ट मिसळलं, ठिबकची नळी टाकली आणि ओल टिकावी म्हणून वर खडी पसरली. कुंपणाला बोगनवेल, मध्ये सिदर. कतार फाउंडेशनच्या बोधचिन्हात आहे ना, तेच झाड. आपल्या बोरीची सख्खी चुलत बहीण बरं का! काटेही तसेच.

"याला फळं धरतील तेव्हा आपण इथे असू का?" बायकोने विचारलं. प्रश्न रास्त आहे. नोकरी संपली की इथला मुक्काम संपतो. असो. पुढच्या भाडेकरूने खुशाल बोरं खावीत. फक्त महिन्यातून एकदा ड्रिपर धुवावेत, क्षाराने तुंबतात.